घरसंसार : न बोलावता आलेले पाहुणे



या महिन्यात पावसाळ्यात मसाले आणि डाळी कशा टिकवायच्या यावर लिहीन, असे मी मागच्या अंकात कबूल केले होते. तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलते आहे, कारण मधेच खेड तालुक्यातल्या एका गावाहून एका बहिणीचे पत्र आले. वहीच्या दोन पानांवर लिहिलेले, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेले. अक्षर घाईचे होते, आणि वाचल्यावर कारणही कळले.

तिचे शौहर कुवेतला असतात. घरात ती, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि सासूबाई. जूनचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला होता. फजरच्या वेळी वजू करायला ती मागच्या पडवीत गेली, तर पाण्याच्या पिंपामागे साप. तिने आरडाओरडा केला. सासूबाई म्हणाल्या, "मारू नका, घरातल्या सापाला आधी तीन दिवस सांगायचं असतं." शेजारचे चाचा काठी घेऊन धावत आले. मुंबईचा दीर फोनवरून सांगू लागला, "फिनाईल ओता, पळून जाईल." या तिघांच्या गोंधळात साप लाकडांच्या ढिगात शिरला. तेव्हापासून ती रात्री मुलांना पलंगावर घेऊन जागी बसते. पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "आपा, मी ऐकू तरी कुणाचं?"

पत्र मिळाले त्याच दिवशी मी तिला फोन केला. पण तिच्यासारख्या कितीतरी घरांत या दिवसांत हाच प्रश्न असेल, म्हणून आजचा लेख या विषयावर.

सासूबाईंचे म्हणणे

आधी सासूबाईंचे घेऊ, कारण त्या मनचे बोलत नव्हत्या. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. खंदकाच्या लढाईच्या दिवसांत एक नवविवाहित तरुण प्रेषितांची (स.) परवानगी घेऊन घरी आला. बायको दारात उभी दिसली म्हणून त्याला राग आला. ती म्हणाली, आधी आत जाऊन बघा. आत अंथरुणावर मोठा साप वेटोळे घालून बसला होता. त्याने भाल्याने त्याला टोचले, साप उसळला, आणि दोघांपैकी आधी कोण मेले हेही कळले नाही. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की मदिनेत इस्लाम स्वीकारलेले काही जिन्न आहेत, तेव्हा असे काही दिसले तर आधी तीन दिवस इशारा द्या.

हा हुकूम मदिनेपुरता की सगळ्या घरांसाठी, यावर उलमांमध्ये दोन्ही मते आहेत. मी आलिमा नाही. आपल्या गावच्या आलिमांना विचारावे. मात्र दोन गोष्टी माझ्यासारखीलाही दिसतात. एक, जो घाईने शस्त्र घेऊन धावला त्याचाच जीव गेला. दुसरी, घरातल्या सापांना मारू नका असे सांगताना हदीसमध्येच काही घातक जाती वगळल्या आहेत, आणि नमाजमध्ये असतानाही साप-विंचू आला तर त्याला मारण्याची परवानगी आहे. म्हणजे धोका असेल तर माणसाचा जीव आधी. "तीन दिवस सांगा" याचा अर्थ चार वर्षांच्या मुलाला त्याच पडवीत तीन दिवस खेळू द्या, असा कुणीच काढलेला नाही.

मग मधला मार्ग आहे का? आहे. साप न मारता घराबाहेर काढणारी माणसे आज बहुतेक तालुक्यांत आहेत. आपण त्यांना सर्पमित्र म्हणतो. सापाला मारायचेही नाही आणि घरात ठेवायचेही नाही. यात सासूबाईंचेही मन राहते आणि मुलांचा जीवही.

चाचांची काठी आणि दिराचे फिनाईल

साप आपणहून माणसाच्या मागे लागत नाही. तो निसटायला वाट शोधतो. कोपऱ्यात अडकवून काठी उगारली, की मग तो चावतो. अनेक दंश सापाला मारायला किंवा पकडायला गेलेल्या माणसांनाच होतात. शिवाय भारतातले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना मारणे, पकडून ठेवणे, त्यांचे खेळ करणे गुन्हा आहे. जिवावर बेतले तर गोष्ट वेगळी, पण अंगणातून जाणाऱ्या धामणीला पाठलाग करून ठेचणे ही काही मर्दुमकी नव्हे.

फिनाईल, लसूण, गंधक, रॉकेल यांचा विश्वास धरू नका. वासाने साप घरात येत नाही, याला भरवसा देण्यासारखा आधार नाही. उलट अंगावर फिनाईल पडलेला साप बिथरून घरात आणखी खोल शिरतो. एका सापाला मारले तर जोडीदार सूड घ्यायला येतो, हीसुद्धा सांगोवांगीची गोष्ट आहे.

साप दिसला तर एवढे करा. मुलांना आणि म्हाताऱ्यांना दुसऱ्या खोलीत न्या. मधले दार लावून खालच्या फटीत जुने गोणपाट किंवा चादर कोंबा. बाहेरचे दार उघडे ठेवा. लांबून, दोन माणसांइतके अंतर ठेवून, साप कुठे जातो त्यावर एकाने नजर ठेवावी. पोलीस पाटील, ग्रामपंचायत यांच्याकडे जवळच्या सर्पमित्राचा नंबर असतो. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. फोटो काढायला जवळ जाऊ नका.

हे नंबर आजच शोधून स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी लिहून ठेवा. साप समोर असताना मोबाईलमध्ये नंबर सापडत नाही.

चार नावे लक्षात ठेवा

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, नानेटी, कवड्या, मांडूळ हे सगळे त्यात आले. माणसाचा जीव घेणारे मुख्यतः चार : नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार. नाग फणा काढतो, तो सगळ्यांना ठाऊक. घोणस जाड अंगाची, पाठीवर साखळीसारखे लंबगोल ठिपके, आणि डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. फुरसे हातभरही लांब नसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर, दगडांखाली, गवतात असते, आणि अंगावर अंग घासून करकर आवाज करते. लहान म्हणून त्याला हसू नका.

मण्यारीबद्दल मात्र थोडे जास्त सांगायचे आहे. काही गावांत तिला कांडर म्हणतात. निळसर काळा चकचकीत रंग, त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे. कवड्याही असाच पट्टेरी असतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे उलट. पण हे बघायला वाकू नका, ते सर्पमित्राचे काम. मण्यार रात्री फिरते, भिंतीच्या कडेने घरात येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. माणूस पुन्हा झोपी जातो.

आमच्या घरातली एक पहाट

मी सातवीत होते. ऑगस्ट महिना होता. माझे धाकटे चाचा पडवीत चटईवर झोपले होते. फजरच्या आधी उठून म्हणाले, पोटात दुखतंय. रात्री सुकटीचे कालवण होते, सगळ्यांना वाटले तेच बाधले. दादीने ओव्याचे पाणी दिले. थोड्या वेळाने त्यांच्या पापण्या मिटू लागल्या. आम्हाला वाटले, रात्री झोप झाली नाही, डुलकी येते आहे. मग बोलणे अडखळू लागले, थुंकी गिळता येईना. तेव्हा कुणीतरी म्हणाले, "काही चावलं तर नाही ना?" अंगावर कुठे काही दिसले नाही.

पलीकडच्या वाडीत एकजण झाडफूंक करीत असे. चाचांना खाटेवर घालून तिकडे नेले. तिथे पाणी फुंकून झाले, धागा बांधून झाला, दुपार झाली. मग कुणीतरी जीप आणली. तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवर त्यांचा श्वास थांबला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. पोटात दुखणे, पापण्या मिटणे, गिळता न येणे ही मण्यारीच्या विषाची खूण आहे, हे मला खूप वर्षांनी एका डॉक्टरांकडून कळले.

दादी अखेरपर्यंत म्हणत राहिली, "त्याचा दिवस भरला होता." मृत्यूचा दिवस अल्लाहच्या हाती आहे, यावर माझा ईमान आहे. पण त्या दिवशी रस्ता होता, पहाटेची एसटी होती, दवाखाना होता. आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही. त्याचा जाब आम्हालाच द्यायचा आहे, असे मला अजून वाटते.

कुणी म्हणेल, दम करणे तर हदीसमध्ये आहे. आहे. प्रवासातल्या एका सहाबींनी (रजि.) दंश झालेल्या टोळीच्या सरदारावर सूरह फातिहा वाचली आणि तो बरा झाला, ही हदीस बुखारीत आहे. मी ती मानते. पण ज्या प्रेषितांनी (स.) त्या सहाबींना योग्य म्हटले, त्यांनीच उपचार घ्या असेही सांगितले आहे, आणि उंट आधी बांधा, मग तवक्कुल करा, हेही. म्हणून फातिहा जरूर वाचा. रिक्षात बसून वाचा, रुग्णवाहिकेत वाचा, दवाखान्याच्या बाकावर वाचा. फक्त ती वाचण्यासाठी वाटेत कुठे थांबू नका.

दंश झाला तर

सापाच्या विषावर एकच औषध आहे : प्रतिविषाचे इंजेक्शन. मुंबईत परळची हाफकिन संस्था ते कितीतरी वर्षे बनवत आली आहे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष वरच्या चारही सापांवर चालते, म्हणून कोणता साप चावला हे कळले नाही तरी अडत नाही. साप मारून डॉक्टरांना दाखवायला नेण्याची गरज नाही. सरकारी रुग्णालयांत हे इंजेक्शन मोफत मिळते.

१०८ ला फोन करा. ती गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. माणसाला धीर द्या, चालायला लावू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण सूज आली की ते रुततात. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. घट्ट दोरी आवळू नका, त्याने अवयव गमावण्याची वेळ येते. चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका, काही खायला-प्यायला देऊ नका. सकाळी उठून कुणाच्या पोटात दुखते आहे आणि पापण्या जड झाल्या आहेत, असे पावसाळ्यात दिसले तर खूण असो वा नसो, दवाखाना गाठा.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. त्यांतले बहुतेक खेड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. म्हणजे आपले घर, आणि हेच दिवस.

विंचवाबद्दलही एक शब्द. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना जिवावर उठू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीने असे रुग्ण वाचतात हे दाखवून दिले आणि असंख्य मुलांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, छातीत धडधड असे काही झाले, तर क्षणभर थांबू नका. गोळीचे प्रमाण मात्र डॉक्टरच ठरवतील.

साप का येतो?

आता मूळ गोष्ट. साप आपल्या घरात आपल्यासाठी येत नाही. तो उंदरासाठी येतो, बेडकासाठी येतो, कोंबडीच्या अंड्यांसाठी येतो. उंदीर सांडलेल्या तांदळासाठी येतो, बेडूक दिव्याखालच्या किड्यांसाठी. म्हणजे दाणे, उष्टे आणि अडगळ आवरली, की पुढची साखळी आपोआप तुटते.

झोपण्याआधीच्या सुन्नती आठवून पाहा. बिस्मिल्लाह म्हणून दारे लावा, भांडी झाका, दिवे मालवा, कारण उंदीर वात ओढून घराला आग लावील. अंथरुणावर पडण्याआधी ते झटकून घ्या, कारण आपल्यामागे त्यावर काय येऊन बसले हे आपल्याला ठाऊक नसते. लहानपणी आम्ही हे पाठ केले आणि मोठेपणी विसरलो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एवढेच रोज केले, तरी निम्मे काम झाले.

बाकीचे असे :

जळण, नारळाच्या सोडणांचा ढीग आणि चिरे घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ढीग चार-पाच पावले लांब, जमिनीपासून उंच फळीवर रचा. लाकूड काढताना हात घालू नका, आधी काठीने हलवा.

मोरीच्या आणि सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा. दाराखालची फट पट्टीने बंद करा. भिंतीतली बिळे सिमेंटने बुजवा. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटा. कोंबड्यांचे खुराडे घराला चिकटून नको.

जमिनीवर झोपू नका. जागा नसेल तर निदान मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. ती डासांपासून वाचवते तशी मण्यारीपासूनही. रात्री न्हाणीघराकडे जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी. चपला-बूट आपटून मगच घाला.

उंदरांसाठी पिंजरा सगळ्यांत बरा. उंदीर मारायच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असेल तर तो फार वाईट. ती पोटात गेलेले मूल एक-दोन दिवस ठीक दिसते आणि मग यकृत निकामी होते. मूल ठीक दिसले तरी लगेच दवाखान्यात न्या. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांमधून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत झोपलेली माणसे मेली आहेत, म्हणून त्या झोपायच्या घरात आणूच नका. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, आणि पाण्यातून येऊन नंतर ताप आला, पिंढऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आणि ज्यांची घरे वर्षभर बंद असतात, माणसे मुंबईला किंवा आखातात, त्यांच्यासाठी : ईदला किंवा मे महिन्यात घर उघडाल तेव्हा मुलांना आधी आत सोडू नका. दारे-खिडक्या उघडून, काठी आपटत मोठी माणसे आधी फिरू देत. गाद्यांच्या वळकट्या अंगणात नेऊन उलगडा. पुरानंतरही हेच करा. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा चिखल काढणाऱ्यांनी हे अनुभवले आहे. पाणी चढले की सापही आपल्यासारखाच कोरडी जागा शोधतो.

शेवटी त्या बहिणीचे

फोन केल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. पोलीस पाटलांनी सर्पमित्र पाठवला. त्याने लाकडांचा ढीग एकेक ओंडका काढून मोकळा केला. आत धामण होती, पाच-सहा हात लांब, अगदी बिनविषारी. ढिगाच्या तळाशी उंदरांचे घरटे होते, आणि धामण त्याच्यासाठीच आली होती. त्याने तिला पिशवीत घालून रानात नेले. चाचांनी त्याच काठीने बाकीची लाकडे पार गोठ्यापलीकडे ढकलली. मोरीला जाळी बसली. त्या रात्री ती बहीण झोपली.

सासूबाईंनी काय म्हटले, हेही तिने लिहिले आहे : "मी बोललेच होते ना, आधी सांगून बघा. बाहेरच्याने येऊन सांगितलं, पण सांगितलं. आणि गेला बिचारा."

पुढच्या महिन्यात, इन्शा अल्लाह, मसाले आणि डाळी. तोपर्यंत भिंतीवर नंबर लिहिला का, तेवढे मला कळवा.

खुदा हाफिज.